आवड, मत आणि साका

चित्रपट आवडला की नाही, यावर वाद होत नाही. तो चांगला की वाईट, यावर मात्र होतो, आणि रात्रभर चालतो. सिनेमाच्या शौकिनाच्या बोलण्यात ही दोन्ही विधाने इतकी मिसळलेली असतात की ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून दोन्ही एकदमच निकालात काढली जातात. चित्रपटाविषयीचे मत चूक किंवा बरोबर असू शकते का, हा सौंदर्यशास्त्रातला जुना प्रश्न त्यामुळे विचारायचाच राहून जातो.

रत्नागिरीत त्यासाठी आंबा पुरतो. एखाद्याला हापूसपेक्षा पायरी आवडते. त्याला खोटे कोण पाडणार? (तिथे हे चारचौघांत म्हणायला धैर्य लागते, ही गोष्ट वेगळी.) पण हापूस कापल्यावर एकाने फोड छान म्हटली आणि दुसऱ्याने आत साका आहे म्हटले, तर गराचा तो पांढुरका, कडक भाग बोट ठेवून दाखवता येतो. डेव्हिड ह्यूमने १७५७च्या निबंधात ‘डॉन किहोते’तली अशीच गोष्ट वापरली आहे. पिंपातल्या दारूला एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत अडकवलेली किल्ली सापडते.

चित्रपटाच्या तळाशी अशी किल्ली नसते. बोट ठेवायला दृश्ये मात्र असतात. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये (२०१४) वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे चिन्मय कोकणातल्या गावी येतो. मित्रांबरोबर किल्ल्यावर गेला असता पाऊस कोसळतो, मित्र निघून जातात आणि तो त्या दगडी भिंतींत एकटा उरतो. या दृश्याने रत्नागिरीचा प्रेक्षक हेलावतो, तेव्हा तो नेमका कशाने हेलावतो? दृश्याच्या रचनेने, की लहानपणी अंगावर घेतलेल्या तसल्याच पावसाने?

अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या स्थळकाळात अडकून पडणे हे त्यांतले एक, आपल्याच सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. म्हणजे ‘आमचाच समुद्र, आमचाच पाऊस’ हे कौतुक त्याच्या हिशेबी रसाच्या आड येणारे. पण तोच असेही मानतो की मनात वासना, म्हणजे पूर्वानुभवाचे संस्कार नसतील तर रस उमटतच नाही. आठवण हे दारही आहे आणि अडसरही, आणि शौकिनाची खरी पंचाईत इथे आहे. ‘किल्ला’ला बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने क्रिस्टल बेअर दिले. पुरस्कार हा काही पुरावा नव्हे. तरी कोकणच्या आठवणींवाचूनही चित्रपट पोचतो, एवढे त्यावरून दिसते.

दापोली तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी केलेला ‘श्यामची आई’ (१९५३) याहून अवघड. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले, आणि त्याच्या थोरवीचे कारण म्हणून बहुधा डोळ्यांतले पाणीच सांगितले जाते. ते प्रेक्षकाविषयीचे विधान झाले. स्वतःच्या आईच्या आठवणीनेही तेवढेच पाणी येते. आईची भूमिका करणाऱ्या वनमालांच्या अभिनयात मायेइतकाच करारीपणा कुठे दिसतो, हे कुणी दाखवू लागला की मताला सुरुवात होते. कांटच्या म्हणण्याप्रमाणे सुंदर म्हणणारा इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो; सगळे संमती देतीलच, असे भाकीत तो करत नाही. शौकिनाचे भांडण ते हेच.

तरीही सगळे मतभेद मिटत नाहीत. विसाव्या वर्षी ओव्हिड, चाळिशीत होरेस, पन्नाशीत टॅसिटस आवडतो, हे ह्यूमनेही मान्य केले होते, आणि यात कुणाची चूक नाही. ‘किल्ला’ अकराव्या वर्षी पाहणारा चिन्मयबरोबर सायकल हाणतो. चाळिशीत तोच चित्रपट पाहताना नजर अरुणावर खिळते, परक्या गावात, नव्या कचेरीत एकट्या पडलेल्या चिन्मयच्या आईवर.