पोतंभर शाश्वत

भाचीच्या कॉलेजातल्या परदेशी मुलांना सिंहगड दाखवायची कामगिरी एकदा माझ्यावर आली. विषय म्हणे ‘शाश्वत पर्यटन’. आता शाश्वत हा शब्द मी कीर्तनाबाहेर ऐकला नव्हता. आमच्याकडे शाश्वत काय ते एक ब्रह्म. आणि पर्यटन म्हणजे पहाटेची बस अन् वर पिठलं-भाकरी. पण चाळीसेक वर्षं गड चढतोय, एवढ्या पुण्याईवर मी वाटाड्या ठरलो.

आतकरवाडीला पायथ्याशी मी भाषण ठोकलं. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१८ पासून. मुलांनी टिपूनसुद्धा घेतलं. दहा मिनिटांत दोन्ही बंद्या वाटेवर पायाखाली पसरलेल्या दिसल्या.

एका जर्मन मुलीनं पोतं काढलं आणि पुड्या, पाकिटं, बाटल्या उचलायला लागली. मला वाटलं, चार वळणांत दमेल. कसलं काय! दमलो मी. अर्ध्या वाटेवर एक कुटुंब उतरताना भेटलं. गृहस्थांनी मोठ्या अदबीनं आपली रिकामी बाटली तिच्या पोत्यात टाकली आणि ‘थँक्यू’ म्हणाले. मागोमाग चिरंजीवांनीही टाकली.

तिनं मला विचारलं, “ते टाकतात म्हणून मी उचलते, की मी उचलते म्हणून ते टाकतात?”

असल्या प्रश्नाला चढावर उत्तर द्यायचं नसतं, दम लागल्याचं दाखवायचं असतं. मला दाखवावं लागलं नाही.

वर तानाजी, १६७०, टिळकांचा बंगला, सगळं यथासांग सांगितलं. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंहगड नाही, हे सांगताना जरा वाईट वाटलं. रविवारची गर्दी बघून वाटलं, एका अर्थी बरंच झालं.

मग मुलांनी घरून आणलेले स्टीलचे डबे उघडले. समोर दह्याची मडकी मांडून एक मावशी बसल्या होत्या.

“ही पोरं काय घेणार न्हाईत व्हय?”

मी म्हटलं, “मावशी, त्यांना गडावर मागं काही ठेवून जायचं नाही.”

“पैसं ठिवलं तर चालंल की!”

पहाटे डोक्यावर दही घेऊन त्या हीच वाट चढल्या होत्या. मी हे भाषांतर करून सांगितलं. कुणी बोलेना. केनियाच्या एका पोरानं डबा मिटला आणि मडकं हातात घेतलं. मग सगळ्यांनीच. भाकऱ्याही आल्या. चुलीतलं लाकूड कुठून आणता, असं एका जपानी मुलीनं विचारलं, तेव्हा मावशींनी नुसतं उताराकडं बघितलं. आम्हीही बघितलं. घास मात्र कुणी थांबवला नाही. पिठलं झकास होतं.

खाली उतरल्यावर यजमानाच्या तोऱ्यात ते पोतं मी ताब्यात घेतलं. “हे आता कुठं जाणार?” जर्मन मुलीनं विचारलं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी मारला गेला, तिथल्या लोकांना गाड्या अडवाव्या लागल्या, हे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “महापालिका बघते.”

सकाळी कचरा न्यायला बाई आल्या. त्यांनी पोतं तिथंच उपडं केलं. बाटल्या खुशीनं बाजूला काढल्या; त्यांचे पैसे होतात. गुटख्याच्या पुड्यांचा ढीग तेवढा माझ्या उंबऱ्याकडे सरकवला.

“काका, ह्याचं काय करू?”