भूतदया आणि शेजारधर्म

॥ राम कृष्ण हरि ॥

दर महिन्यास या पानावर आम्ही एखाद्या अभंगाचे निरूपण करीत असतो. या वेळी एका गावच्या भांडणाचे निरूपण करणार आहोत. भांडण दिसायला लहान, पण त्यात धर्माचा पेच आहे. त्या पेचात आमचाही पाय घसरला, तेव्हा हे लिहिणे आम्हांस भागच आहे.

गावाचे नाव कशाला हवे? पंढरीपासून दोन दिवसांच्या चालीवरचे गाव. कार्तिकातला काकडा चालू होता आणि आम्ही कीर्तनासाठी तेथे मुक्कामी होतो. गावची दिंडी अष्टमीस निघायची. दिंडीची वीणा आबांकडे आणि मृदंग तात्यांकडे, अशी वीस वर्षांची वहिवाट. दोघे माळकरी, दोघांची वस्ती शेतात, मध्ये एक बांध. त्या बांधावरच्या बाभळीवरून वर्षभर दोघांचे बोलणे तुटलेले. भजनात वीणा आणि मृदंग एका लयीत चालत, आणि बांधावर समोरासमोर आले तर एक पूर्वेकडे बघे, एक पश्चिमेकडे. हे आम्हांस मागाहून कळले. आधी कळते तर पुढची चूक कदाचित टळती.

आबांकडे एक कुत्रे होते. लेकराप्रमाणे वाढवलेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धडाका झाला आणि ते भेदरून दावे तोडून पळाले. घरात अन्न शिजले नाही. आबांच्या मुलाने कुत्र्याचे छायाचित्र मोबाईलवरून गावोगाव पाठवले आणि शोधून आणील त्यास बक्षीस लावले. झाले! पाडव्यापासून आसपासच्या गावची पोरे मोटारसायकली घेऊन येऊ लागली. ना ओळख ना पाळख. ज्याला जिकडे वाट दिसेल तिकडे तो शिरे.

भाऊबीजेच्या रात्री अकराच्या सुमारास दहाबारा जण तात्यांच्या रानात घुसले. तात्या बहिणीकडे गेलेले, मुलगा नोकरीच्या गावी. वस्तीवर तात्यांची म्हातारी आई, बाळंतीण सून आणि पंधरा दिवसांचे मूल. पोरांनी हातभर आलेली शाळू तुडवली, ठिबकची नळी चाकाखाली फोडली. गोठ्याचे फाटक उघडे टाकले, त्यातून कालवड बाहेर गेली ती पहाटे कॅनॉलवर सापडली. एकाचे कुत्रे शोधताना दुसऱ्याचे जनावर हरवले, असा हा शोध! दुसऱ्या रात्री पुन्हा तिघे आले. तोवर तात्या परतले होते. त्यांनी काठी उचलली आणि एका पोराच्या मनगटावर घातली. ते पोर परगावचे, त्याला बांध माहीत नाही की वैर माहीत नाही. प्रकरण पोलिसांत गेले. तात्यांनी मंदिरात येऊन सांगितले, "ज्या दिंडीत आबा, त्या दिंडीत आमचा मृदंग नाही."

पंचमीस सायंकाळी आबा आमच्याकडे आले आणि ढसढसा रडले. आम्ही त्यांची एकट्याची बाजू ऐकली. तात्यांना बोलावणे धाडावे, हे सुचले नाही. त्या रात्री कीर्तनात आम्ही नामदेवरायांची कथा लावली. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. तेवढ्यावर थांबायचे. पण जीभ सैल सुटली. आम्ही म्हटले, "ज्याच्या रानात मुक्या जीवाला शोधायला जागा नाही, त्याच्या हृदयात विठोबाला कोठून असणार?" टाळ्या पडल्या. तात्या मंडपाच्या कडेला उभे होते, ते मान खाली घालून निघून गेले. आम्हांस वाटले, बाण लागला. लागला होता खरा, पण तो कोणी कोणावर सोडला होता!

दुसऱ्या दिवशी काकडा आटोपला आणि तात्यांची आई काठी टेकीत आली. पायांवर डोके ठेवले, म्हणाली, "महाराज, रातची कथा गोड झाली. एक विचारू का? नामदेवराय कुत्र्यामागं धावले, तवा ते कुणाच्या घरात घुसले हुते का?"

सज्जनहो, काशीत बसून आम्ही न्यायाच्या फक्किका घोकल्या आहेत. पण त्या म्हातारीपुढे आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मग ती बसली आणि सांगू लागली. "बॅटऱ्यांचा उजेड खिडकीतून आत आला. सुनेनं लेकरू पदराखाली घेतलं आन् कोपऱ्यात जाऊन बसली. मी दाराला आडणा लावून पाठ लावून हुबी. कोण हायत, किती हायत, कशापायी आल्यात, काय ठावं? चोर म्हणावं का दरोडेखोर म्हणावं? अन् महाराज, ते कुत्रं मला ठावं हुतं. लक्ष्मीपूजनापासनं आमच्याच कडब्याच्या गंजीखाली थरथरत बसलं हुतं. दोन दिस भाकर टाकली. म्हटलं, आवाज निवला की जाईल आपल्या घरी. बोलणं न्हाई, म्हणून निरोप धाडला न्हाई, ही माझी चूक. पर त्या पोरांचा गलका झाला आन् ते गंजीखालनं जे उठून पळालं, ते पुन्हा दिसलं न्हाई. एकानं जरी दारात येऊन 'आजी' म्हणून हाक मारली असती, तर मीच काढून दिलं असतं."

आता विचार करा. कुत्रे बांधापलीकडे, हाकेच्या अंतरावर होते. बक्षीस, मोबाईल, मोटारसायकली, सगळे काही झाले. फक्त हाक झाली नाही. आणि ती का झाली नाही? बाभळीवरून बोलणे तुटले होते म्हणून. कुत्रे हरवले लक्ष्मीपूजनाला, पण शेजार वर्षापूर्वीच हरवला होता आणि त्याचा शोध कोणी घेतला नव्हता.

या प्रसंगाला भागवतात अगदी जवळची कथा आहे. आम्ही ती शेकडो वेळा सांगितली असेल; पण म्हातारीने डोळे उघडले तेव्हा ती नव्याने दिसली. दशम स्कंधाचा ५६ वा अध्याय, स्यमंतक मण्याचे आख्यान. मणी गळ्यात घालून प्रसेन मृगयेस गेला आणि परतला नाही. लोक कुजबुजू लागले की श्रीकृष्णानेच त्याला मारून मणी घेतला. तो आळ पुसण्यासाठी भगवान नगरजनांना घेऊन शोधास निघाले. प्रसेनाला सिंहाने मारलेले दिसले, पुढे सिंह मारलेला दिसला, आणि माग जांबवानाच्या गुहेपाशी गेला. तेथे भगवंतांनी काय केले? सोबतची सगळी माणसे बाहेर बसवली आणि एकटे आत गेले.

दुसऱ्याच्या घरात झुंडीने शिरू नये, हे येथे जगद्गुरू आचरून दाखवीत आहेत. शोध खरा आहे, हेतू शुद्ध आहे, वस्तू आतच आहे. तरीही माणसे बाहेर.

आणि एवढे करूनही पुढे काय झाले पाहा. आत जांबवानाचे मूल मण्याशी खेळत होते. जवळ दाई होती. पूर्वी कधी न पाहिलेला पुरुष समोर उभा पाहून ती भीतीने किंचाळली. अहो, समोर कोण उभे होते? ज्याच्या दर्शनासाठी योगी जन्म घालवतात तो प्रत्यक्ष परमात्मा! पण दाईला तो परमात्मा दिसला नाही, अनोळखी पुरुष दिसला. यात तिचा दोष काय? व्यासांनी तिला शब्दानेही दोष दिलेला नाही. साक्षात भगवंत न सांगता आत आला तरी आतली बाईमाणसे घाबरणारच, मग तुमची आमची कथा काय? "आम्ही चांगल्या कामासाठी आलो होतो," असे ती पोरे म्हणाली. खरेच चांगल्या कामासाठी आली होती. पण ते कपाळावर लिहिलेले नसते. कोर्टातही हेतू पाहतात. २०२४ साली आलेल्या नव्या न्याय संहितेतसुद्धा दुसऱ्याच्या जागेत शिरणाऱ्याचा हेतू काय होता, यावर गुन्हा ठरतो. पण दाराला पाठ लावून उभ्या राहिलेल्या म्हातारीला हेतू कसा दिसावा? तिला फक्त उजेड आणि सावल्या दिसतात.

आता कथेची दुसरी बाजू. दाईची किंकाळी ऐकून जांबवान धावून आला आणि त्याने कोण, कुठला, काही न विचारता युद्ध मांडले. अठ्ठावीस दिवस! बाहेर बसलेले लोक बारा दिवस वाट पाहून दुःखाने द्वारकेस परतले. शेवटी अंगातले बळ सरले तेव्हा जांबवानाने ओळखले की हे तर आपलेच आराध्य, रामावतारी ज्याची सेवा केली तोच हा. मग मणी दिला, कन्या जांबवती दिली. जे पहिल्या दिवशी एका प्रश्नाने झाले असते, त्याला अठ्ठावीस दिवस रक्त आटवावे लागले. म्हणून तात्यांनाही आम्ही सांगितले, "बाबा, तुमचा राग खरा, भयही खरे. पण काठी प्रश्नाच्या आधी उठली. ज्याच्या मनगटावर ती बसली ते पोर कोणाचे तरी लेकरू, आणि एका कुत्र्यासाठी रात्र जागायला आलेले."

मंडळी, शोधाचा तो पहिला दिवस बलिप्रतिपदेचा होता. बलीची कथा त्या दिवशी घरोघर निघते, आणि त्यातली मुख्य गोष्ट मात्र आपण सोडून देतो. त्रैलोक्य ज्याचे, त्या वामनानेही पाऊल टाकण्याआधी भूमी मागितली. बलीने हातावर उदक सोडले, मगच पाऊल उचलले. आपण तर देव नाही. आपल्याला दुसऱ्याच्या वावरात पाऊल टाकण्याआधी एक शब्द जड का व्हावा?

आणि वावर म्हणजे नुसती माती नव्हे. अरणच्या सावतोबांना मळ्यातच विठ्ठल दिसला. ते पंढरीस गेले नाहीत, म्हणून आजही आषाढीनंतर पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीस जाते. कष्टकऱ्याचे शेत हे त्याचे देऊळ. त्यातली शाळू तुडवणे म्हणजे देवाच्या पूजेवरून चालत जाणे होय.

कोणी म्हणेल, महाराज, मग मुक्या जीवाची दया नको काय? असे आम्ही कोठे म्हणतो? भूतदयेवाचून वारकरी कसला! २०२४ च्या पावसाळ्यात निपाणी तालुक्यातील यमगर्णी गावचे 'महाराज' नावाचे काळे कुत्रे धन्याबरोबर पायी पंढरीस गेले, गर्दीत चुकले, आणि सुमारे २५० किलोमीटर चालून आपले आपण घरी आले. गावाने हार घालून जेवण घातले. त्याने वाटेत किती बांध ओलांडले असतील! त्याला कोणी दोष देणार नाही. जनावराला बांध कळत नाही. बांध माणसाने घातला आहे आणि तो माणसानेच पाळायचा आहे. दया एका जीवावर आणि भय दुसऱ्या जीवाला, ही भूतदया नव्हे. कुत्रा भूत आहे, तशी ती बाळंतीणही भूत आहे, कालवडही आहे.

आपण वारकरी तर वर्षातून कितीदा परक्याच्या भूमीवर असतो. वारीच्या वाटेवर कोणाच्या तरी वावरात राहुट्या पडतात, कोणाच्या तरी विहिरीचे पाणी आपण पितो. तेथे लाखोंचा समाज असूनही शिस्त का राहते? चोपदाराने दंड वर केला की समाजआरतीला सगळे टाळ थांबतात, म्हणून. शोधालाही असा चोपदार हवा. जनावर हरवले तर आधी शेजाऱ्याच्या दारी जावे, वैर असले तर आधी तेथेच जावे. रात्री जाऊ नये. जाणे भागच पडले तर ओळखीचा एक माणूस पुढे ठेवून लांबून हाक घालावी, आपले नावगाव सांगावे. फाटक जसे होते तसे लावावे. नुकसान झाले तर मागण्याआधी भरून द्यावे. आणि ज्याच्या रानात कोणी आले, त्याने कुत्र्याला हाकलण्याआधी धन्यास निरोप धाडावा, माणसावर हात उचलण्याआधी "कोण आहे?" म्हणून विचारावे.

षष्ठीच्या रात्री आम्ही कीर्तनाला उभे राहिलो तेव्हा आधी तात्यांच्या आईची आणि तात्यांची, सगळ्या मंडळींसमक्ष, हात जोडून क्षमा मागितली. एकाच पक्षाचे ऐकून नारदांच्या गादीवरून निवाडा दिला, हा आमचा अपराध. मग हीच स्यमंतकाची कथा लावली. कीर्तन संपले, आरती झाली, दोघेही काही न बोलता घरी गेले. आम्हांस वाटले, व्यर्थ.

सप्तमीस सकाळी आबा बांधावर गेले आणि वर्षाने त्यांनी हाक मारली, "तात्या, येऊ का?" उत्तर आले नाही. आबा तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने म्हातारीच बाहेर आली आणि म्हणाली, "ये बाबा, चहा टाकलाय." तुडवलेल्या शाळूचे आणि नळीचे पैसे आबांनी दिले. तात्या दुपारी त्या परगावच्या पोराच्या घरी जाऊन त्याचा हात पाहून आले. अष्टमीस दिंडी निघाली, तेव्हा मृदंग होता.

कुत्रे मात्र मिळाले नाही. आम्ही गेल्या महिन्यात त्या गावी गेलो होतो. म्हातारी अजून रोज सांजेला गंजीखाली चतकोर भाकर ठेवते. आबा अधूनमधून बांधावरून विचारतात, "आजी, आलं होतं का?" ती म्हणते, "न्हाई रं." एवढेच बोलणे होते, पण होते.

असो. वाचकांपैकी कोणाचे शेजाऱ्याशी बोलणे तुटले असेल, तर काही हरवण्याची वाट न पाहता त्याने उद्या सकाळी बांधावर जाऊन एक हाक मारावी, एवढीच आमची विनंती. उत्तर पहिल्या हाकेला न आले तर थोडे उभे राहावे.

॥ राम कृष्ण हरि ॥