फायनल आपल्या गावात

31 डिसेंबर 2024. राज्याराज्यांच्या फुटबॉल संघांमधल्या संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना हैदराबादेत होता, गच्चीबावलीच्या बालयोगी स्टेडियमवर. अंबरपेठहून तिथं जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, त्यातून वर्षाचा शेवटचा दिवस. तरी गेलो. एका बाजूला केरळ, दुसरीकडे पश्चिम बंगाल. नव्वद मिनिटं संपली तरी गोल नाही. जादा वेळ खेळावा लागणार, असं वाटत असतानाच भरपाईच्या मिनिटांत रॉबी हांसदानं गोल केला आणि बंगालनं तेहतिसाव्यांदा करंडक नेला. माझ्याभोवती मल्याळी आणि बंगाली, बहुतेक आयटीतले. सगळे याच शहरात राहणारे, पण ओरडत होते आपापल्या गावासाठी. यजमान तेलंगण गटसाखळीतच बाद झाला होता.

तरुणांना यात काही खटकलं नसेल. आमच्या पिढीला खटकतं, कारण एके काळी या शहराला अंतिम सामन्याचं अप्रूप नव्हतं.

मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप व्हायचा. 1950 ते 1954 सलग पाच वर्षं तो हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. साखळी स्पर्धेत एखादी चूक पचते, पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. बाद फेरीत एक वाईट संध्याकाळ पुरते आणि सामान बांधावं लागतं. अशा स्पर्धेत एकदा जिंकणं नशिबानंही जमतं, पाचदा नाही. 1950 मध्येच दिल्लीत ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानशी 2-2 बरोबरी झाली, सामना पुन्हा खेळवला गेला आणि पोलिसांनी तो 1-0 नं जिंकला.

माझे एक काका तेव्हा परळच्या गिरणीत होते. मूळ घर नांदेडकडचं. ते कूपरेजला जायचे आणि मुंबईत राहून हैदराबादसाठी टाळ्या वाजवायचे. त्यात वावगं काही नव्हतं. नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, तेव्हा तो संघ त्यांचाही होता. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य फुटलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आणि नेमक्या 1956-57 च्या मोसमात संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले हैदराबाद आणि मुंबई! पुढच्या मोसमातही तेच दोघं. दोन्ही वेळा हैदराबाद जिंकलं. काकांना मी एकदा विचारलं, तुम्ही कोणाकडून होतात? ते म्हणाले, "नकाशा बदलला म्हणून पोरं बदलतात का रे?"

ती पोरं घडवली सय्यद अब्दुल रहीम यांनी. पेशानं ते शिक्षक, आणि अंबरपेठला लागून असलेल्या काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्येही त्यांनी शिकवलं. मुलांसाठी ते अजब स्पर्धा भरवायचे. एकीत फक्त कमजोर पायानं खेळायचं, दुसरीत ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू अंगाशी धरून मिरवायचा नाही, झटपट दुसऱ्याला द्यायचा, ही सवय अशी लागत गेली. याच माणसानं 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकावर नेलं आणि 1962 ला जाकार्ताच्या आशियाई खेळांत दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी कर्करोगानं ते गेले. अलीकडे त्यांच्यावर 'मैदान' हा सिनेमा आला. शेवटचा सामना त्यात झकास रंगवलाय, पण माझं कुतूहल होतं त्याआधीच्या रोजच्या सकाळींबद्दल.

कारण माझ्या मते त्या पाच कपांमागचं खरं बळ पगारात होतं. खेळाडू पोलिसात नोकरीला, महिना ठरलेला, मैदान हाताशी, सोबती तेच आणि प्रशिक्षकही वर्षानुवर्षं तोच. कोणी जखमी झाला तरी घरची चूल पेटत होती. कलकत्त्याचे क्लब बोलवू लागले तशी चांगली मुलं तिकडे गेली. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम ईस्ट बंगालला गेला, त्याला दोष कसा देणार? 1965-66 ला आंध्र प्रदेशनं संतोष ट्रॉफी जिंकली. त्यानंतर ती इकडे आली नाही.

मधे वाटलं होतं, पैसा आला की सगळं परत येईल. 2022 च्या मार्चमध्ये हैदराबाद एफसीनं गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. मुलानं मला पिवळी जर्सी आणून दिली होती. 2025 मध्ये तो संघच दिल्लीला गेला, नावासकट बदलला. पोलिसांचा संघ कुणाला असा उचलून नेता आला नसता, कारण ती माणसं या शहराच्याच नोकरीत होती.

गच्चीबावलीला जिंकलेल्या बंगालच्या मुलांना त्यांच्या राज्य सरकारनं लगेच नोकऱ्या जाहीर केल्या. पेपरात ते वाचलं तेव्हा हेवा वाटला, आणि थोडा रागही आला. ही रीत आमच्याकडे पंचाहत्तर वर्षांपूर्वी होती. अंबरपेठच्या पोलीस मैदानावर आजही पोरं पहाटे धावतात, घड्याळ लावून, भरतीसाठी. त्यांतल्या दहाजणांना कोणी चेंडू दिला तर काय होईल, हे तिथल्या एका निवृत्त जमादारांना मी विचारलं. ते म्हणाले, आधी भरती तर निघू द्या.