शुद्ध उपचाराची कसोटी

चरकसंहितेच्या निदानस्थानात उपचाराच्या शुद्धतेची एक कसोटी सांगितली आहे : एक व्याधी शमवताना दुसरी उत्पन्न करणारा प्रयोग शुद्ध नव्हे, जो व्याधी शमवतो आणि नवे काही प्रकुपित करत नाही, तोच शुद्ध. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांत वर्षानुवर्षे दाह आणि व्रण निर्माण करणारे विकार आहेत. त्यांवरील अनेक औषधे या कसोटीला उतरत नाहीत. मेथोट्रेक्सेटमुळे दीर्घकाळात यकृताचा काही भाग तंतुमय, म्हणजे निबर होऊ शकतो. इन्फ्लिक्सिमॅबमुळे सुप्त हिपॅटायटिस बी उफाळू शकतो, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी करतात.

मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या स्वसंरक्षणविषयक विवेचनातून पुढे विकसित झालेला द्विपरिणामाचा सिद्धान्त येथे सुटकेची वाट दाखवतो : हेतू हिताचा असेल, अहित दिसत असूनही ते साधन म्हणून योजलेले नसेल आणि हिताचे पारडे जड असेल, तर कृती निर्दोष ठरते. मात्र या सिद्धान्तापुढे असते ती एकदाच घडून संपणारी कृती. याच विकारांवरील अझाथायोप्रिन हे औषध वर्षानुवर्षे घेतले जाते, आणि यकृताची इजा पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता केवळ रक्तातील एन्झाइमच्या आकड्यांत उमटते. त्यामुळे पहिली चिठ्ठी लिहितानाचा निर्मळ हेतू पुढे राहून गेलेल्या तपासण्यांचे समर्थन करू शकत नाही. आकडे वाढले म्हणजे दोष औषधाचाच, असेही नाही, कारण अल्सरेटिव्ह कोलायटिससोबत काही रुग्णांत पित्तनलिका अरुंद करणारा स्वतंत्र विकारही आढळतो.

अझाथायोप्रिनचे शरीरात दोन दिशांनी रूपांतर होते. एकीतून दाह आवरणारी द्रव्ये तयार होतात, तर दुसरीतून बनणारी द्रव्ये फार साठली की यकृताला अपाय होतो. ज्यांच्या शरीराचा कल दुसरीकडे असतो, अशा काही रुग्णांना तज्ज्ञ अझाथायोप्रिनची मात्रा सुमारे पाव ते एकतृतीयांशावर आणून सोबत अ‍ॅलोप्युरिनॉल हे गाउटवरील औषध देतात, आणि रूपांतराची दिशा पालटून यकृताचे आकडे बहुधा खाली येतात. अ‍ॅलोप्युरिनॉलही क्वचित यकृताला बाधते, आणि मात्रा न घटवता ही जोडी दिली तर अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी घडवणारे ऊतक, धोकादायकरीत्या दबते. एकेकटे पाहता दोन्ही औषधे सदोष. तरीही मोजून जोडली आणि वारंवार रक्त तपासत राहिले, तर त्याच यकृताला ती एकट्या अझाथायोप्रिनच्या पूर्ण मात्रेपेक्षा अधिक सोसतात. योग्य योजनेने विषही औषध होते, असे त्याच संहितेच्या सूत्रस्थानात म्हटले असल्यामुळे निदानस्थानातील कसोटीही द्रव्याला न लावता अशा संपूर्ण योजनेलाच लावणे अधिक सयुक्तिक दिसते.