‘मुद्दाम नव्हतं’ म्हटल्यावर पुढे काय?

आपल्याकडे माफीची सुरुवात बहुतेक वेळा ‘मुद्दाम नव्हतं केलं’ अशी होते. गाडी घासली, गर्दीत कुणाला कोपर लागलं, गल्लीतल्या मॅचमध्ये बॉल थेट छातीवर आला, की पहिलं वाक्य हेच. बहुतेकदा ते खरंही असतं. प्रश्न असा आहे की ते खरं असलं म्हणून शिक्षा टळावी का?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त तोंड द्यावं लागलेला खेळ म्हणजे रग्बी. नांदेड-लातूरकडे तो फारसा कुणी खेळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एका बाजूला पंधरा खेळाडू, लांबट बॉल, आणि ज्याच्या हातात बॉल आहे त्याला धरून खाली पाडायचं. याला टॅकल म्हणतात. अट एवढीच की खांद्याच्या वर हात घालायचा नाही. डोक्याला किंवा मानेला धक्का लागला की शिट्टी वाजते.

२८ ऑक्टोबर २०२३, पॅरिसजवळ वर्ल्ड कपची फायनल. पहिल्या हाफमध्ये न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन याचा खांदा दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीलच्या डोक्यावर आदळला. रेफरी वेन बार्न्सनं यलो कार्ड दाखवलं, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. तेवढ्या वेळात व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी त्याचं रेड कार्ड केलं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं हे पहिलं रेड कार्ड. उरलेली मॅच न्यूझीलंड चौदा जणांनिशी खेळलं आणि ११-१२ असं एका पॉइंटनं हरलं. दुसऱ्या हाफमध्ये आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी याचंही डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं, पण पंचांनी त्यातला धोका कमी मानला आणि त्याचं कार्ड यलोच राहिलं. केननं मुद्दाम केलं, असं कुणी गंभीरपणे म्हटलं नाही. मग त्याच्यावर अन्याय झाला का?

शिक्षा ठरवायचे दोन सोपे मार्ग आधी तपासू. पहिला, हेतू बघा. पण पंचाला मन दिसत नाही. हेतूवर निकाल द्यायचा ठरवलं तर ज्याला निरागस चेहरा चांगला करता येतो तो सुटतो, आणि रागीट चेहऱ्याचा प्रामाणिक खेळाडू अडकतो. दुसरा, इजा बघा. पण मग शिक्षा नशिबावर जाते. तोच धक्का दणकट मानेच्या माणसाला लागला तर काहीच नाही, आणि कच्च्या मानेच्या पोराला लागला तर गुन्हा? धडक मारणाऱ्यानं दोन्ही वेळा एकच गोष्ट केलेली असते.

उरतो तिसरा मार्ग. कृतीतच किती धोका होता ते बघा. धक्का डोक्यावर होता का, जोर किती होता, समोरचा ऐनवेळी अचानक खाली वाकला का? या गोष्टी डोळ्यांना दिसतात, आणि रग्बीचे पंच त्याच तपासतात.

हे आपल्यालाही नवीन नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत पायांची कैची घालून डोकं, मान किंवा अंग आवळता येत नाही. हात पाठीमागे नव्वद अंशांपेक्षा जास्त पिरगळता येत नाही. नियमात अंश मोजलेत, राग मोजलेला नाही. टेनिस बॉलच्या मॅचमध्येही कमरेवरचा फुलटॉस नो-बॉल असतो. घामानं हात निसटला असेल, तरी नो-बॉलच.

यावर एक आक्षेप उरतोच. ज्याच्या मनात काही नव्हतं त्याला सगळ्या जगासमोर बाहेर काढणं हा त्याचा अपमान नाही का? मला वाटतं, इथे आपण दोन शब्दांची गल्लत करतो, दोष आणि जबाबदारी. कार्ड म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये सिस्टिम कोसळली की चांगल्या टीम ‘कुणी मुद्दाम केलं’ हे विचारत नाहीत. तरीही चुकीचा बदल ताबडतोब मागे घेतात. बदल करणारा वाईट आहे म्हणून नव्हे, तर सिस्टिमवर लोक अवलंबून आहेत म्हणून.

हेतूला जागा आहे, पण ती नंतरची. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत चितपटीचा निर्णय मान्य नाही म्हणून शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली. लातूरच्या काका पवारांच्या पुण्यातल्या तालमीत तयार झालेला, दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल. खांदे टेकले की नाही यावर वाद होऊ शकतो, लाथेच्या हेतूवर नाही. तीन वर्षांचं निलंबन जाहीर झालं ते त्या लाथेसाठी. रग्बीतही मैदानाबाहेर काढणं एक आणि नंतर किती मॅचची बंदी घालायची हे दुसरं. टॅकल नीट शिकण्याचा कोर्स केला तर बंदीतली एक मॅच माफ होऊ शकते. २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये तर वेगळं रेड कार्ड आलं. फाउल मुद्दाम नसेल तर खेळाडू परतत नाही, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा उतरतो. मला हे पटतं. ज्याचा खांदा चुकला तो बाहेर, पण बाकीच्या चौदांनी मॅचभर ते का भोगायचं?

या कडकपणामागचं कारण मात्र विसरू नये. स्टीव्ह थॉम्पसन २००३ मध्ये वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंडच्या संघात होता. २०२० मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यानं सांगितलं की त्याला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि ती फायनल खेळल्याचं त्याला आठवत नाही. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेले ते धक्के. त्यातला एकेक धक्का देणाऱ्याला विचारलं असतं तर जवळपास प्रत्येकानं हेच सांगितलं असतं की मुद्दाम नव्हतं. आणि जवळपास प्रत्येक जण खरं बोलला असता.

आपल्या यात्रांच्या फडात, मग ती माळेगावची खंडोबाची यात्रा असो की एखाद्या गावची जत्रा, रिप्ले बघणारी खोली नसते. पंच असतो आणि समोर कुणाचं तरी पोर असतं. तिथे पंचानं मन वाचत बसू नये, मान बघावी. आणि पैलवानानंही ‘मुद्दाम नव्हतं’ एवढ्यावर थांबू नये. पुढच्या वेळी हात कुठे घालणार, तेही सांगावं.