दीड बोट ढील

कऱ्हाड,
2 जून

चि. सौरभ,

परवा फोनवर मोठ्या खुशीत म्हणालास, ‘मामा, चेन कव्हरला घासून खळखळ वाजत होती. घरीच पाना घेतला आणि अशी ताणली की आता जरासुद्धा हलत नाही.’ तुझ्या हौसेचं कौतुक आहेच, पण ते शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. म्हणून हे पत्र. ते पुरतं वाच आणि चेन सैल केल्याशिवाय मोटरसायकल रस्त्यावर काढू नकोस.

चेन हलायलाच हवी, बाबा. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म ज्या बोल्टवर वरखाली होतो, तो बोल्ट आणि पुढचं छोटं स्प्रॉकेट एका जागी नसतात. त्यामुळे खड्ड्यात गाडी दबली की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, तो बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त होतं. तू रिकामी गाडी स्टँडवर लावून चेन ताणलीस. मागे मित्र बसला की तीच चेन तारेसारखी ताठ होणार आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढून धरणार. फार सैल चेनही वाईटच. ती उतरून अडकली तर चाक जागच्या जागी जाम होतं. पण सैल चेन आधी आवाज करून सांगते, घट्ट चेन गुपचूप बेअरिंग खाते.

आता नीट कसं करायचं ते सांगतो. सपाट जागी मेन स्टँड लाव, गाडी न्यूट्रलमध्ये ठेव, किल्ली काढून खिशात टाक. चालू इंजिनवर चेनला हात लावून बोटं गमावलेली माणसं आहेत, तेव्हा यात सूट नाही. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, चेन बोटानं वरखाली कर आणि पट्टी धरून मोज. आपल्या 100 ते 150 सीसीच्या गाड्यांना बहुधा 20 ते 30 मिलिमीटर चालतं, म्हणजे साधारण दीड बोट. तुझ्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मात्र शेवटचा मान.

एकाच जागी मोजून थांबू नकोस. चेन ‘लांबते’ म्हणजे तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि बुश झिजतात, शंभरएक सांध्यांतली केसभर जागा मिळून ती लोंबते. ही झीज सगळीकडे सारखी नसते. म्हणून चाक हातानं फिरवत चार-पाच ठिकाणी मोज आणि जिथे चेन सगळ्यात घट्ट लागेल, तिथला आकडा धर.

मग ॲक्सलचा नट सैल कर, स्प्लिट पिन असेल तर आधी ती काढ. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर एका वेळी पाव फेराच फिरव, डावीकडे जितका तितकाच उजवीकडे. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दाते एका अंगानं झिजतात. ॲक्सल आवळल्यावर पुन्हा मोज, आवळताना चेन किंचित ताणली जाते. टॉर्क रेंच नसेल तर तो नट एकदा गॅरेजात तपासून घे, त्यात कमीपणा नाही. स्प्लिट पिन नवीच घाल.

एक चूक माझी सांगतो. तरुणपणी मी चेन ताणली आणि कोयनेकडे निघालो. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉड ओढला जातो, हे ध्यानातच नव्हतं. पाटणपर्यंत ड्रम इतका तापला की वास सुटला. चेनला हात लावलास की ब्रेकच्या पायपट्टीची ढीलही पाहायची, चाक मोकळं फिरतं का, ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का तेही बघायचं.

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून बघ. अर्धा दाता उघडा पडला, दाते आकड्यासारखे वाकले किंवा ॲडजस्टर शेवटच्या खुणेला पोचला, तर ताणण्यात अर्थ नाही. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट बदल. जुन्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही. चेन-लॉक असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवायचं, उलटं बसलं तर क्लिप निसटते.

पाऊस तोंडावर आला आहे. चिखलपाण्यातून आलास की चेन रॉकेलनं पूस, पेट्रोलनं नको, आणि 90 नंबरचं गिअर ऑइल लावून जास्तीचं पुसून काढ. कोरडी चेन लवकर झिजते आणि मग पुन्हा सैल होते.

पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा चेन हलत नाही असं सांगू नकोस. किती मिलिमीटर हलते ते सांग.

तुझा,
मामा