दोन घरांची मोजणी

डिसेंबर १९८४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक इथलं अणुवीज केंद्र पुरं होत आलं होतं. प्रत्यक्ष वीजनिर्मिती अजून व्हायची होती, तरी स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंता दाराशी आले की किरणोत्सार तपासणारं यंत्र वाजायला लागे. पुढे लक्षात आलं की ते सकाळी कामावर येतात तेव्हाही यंत्र वाजतं. म्हणजे हा किरणोत्सार केंद्रातला नव्हता, वॉट्रस तो घरून आणत होते. त्यांच्या घरातली हवा मोजली तेव्हा एका लिटरमध्ये सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) इतका रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघाला. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था चार पिकोक्युरीला उपाय करायला सांगते. आणि शेजारच्या घरात? तिथं काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं.

हिवाळा तोच, शेजार एका कुंपणाचा. तरी एवढा फरक. घरातल्या रेडॉनचं भाकीत करू पाहणाऱ्या प्रत्येकाला या दोन घरांना उत्तर द्यावं लागतं.

रेडॉन हा वायू माणसाने केलेला नाही. जमिनीतल्या युरेनियमचं कालांतराने रेडियम होतं आणि रेडियमचा रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत घर उबदार ठेवलं की आतली हवा वर चढते, खालच्या मजल्यावर दाब थोडा कमी होतो आणि फरशीच्या भेगांतून, नळांच्या फटींतून जमिनीतला वायू घरात ओढला जातो. दारंखिडक्या बंद असल्या तर तो तिथंच साठतो. रेडॉनपासून निर्माण होणारे किरणोत्सारी कण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन चिकटतात. फुप्फुसाच्या कर्करोगाने वर्षाला सुमारे २१,००० अमेरिकन माणसं रेडॉनमुळे दगावतात, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्याला धोका कितीतरी जास्त.

मग सगळ्या देशाची घरं मोजायची कशी? म्हणून नकाशे आले. याच संस्थेच्या १९९३च्या नकाशात काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचे, धोक्यानुसार तीन गट केले आहेत. नकाशा कामाचा आहे, मोजणीची मोहीम आधी कुठे न्यायची ते त्यावरून ठरवता येतं. पण आपला भाग कमी धोक्याच्या रंगात आहे एवढं पाहून कुणी निर्धास्त झोपू नये, हे नकाशा काढणारेच बजावतात.

याहून मला मोलाचं वाटतं ते फिलिप प्राइस आणि अँड्र्यू गेलमन या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर केलेलं काम. त्यांच्यापुढे मिनेसोटा राज्याच्या ८५ काउंट्यांमधल्या ९१९ घरांची मोजमापं होती. कुठे शंभरावर घरं, कुठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लॅक कि पार्ल या काउंटीत मोजलेली घरं दोनच, आणि तिथली सरासरी राज्यात सगळ्यांत वर. तेवढ्यावरून अख्ख्या काउंटीला सर्वांत धोक्याची म्हणायचं? की दोनच घरं म्हणून ती सोडून द्यायची?

त्यांनी दोन्ही टाळलं. जिथं मोजणी थोडी, तिथला अंदाज त्यांनी राज्यातल्या बाकीच्या घरांकडे झुकवला. जिथं मोजणी भरपूर, तिथं त्या जागेचाच शब्द बराचसा प्रमाण मानला. घराला तळघर आहे का, मोजणी कोणत्या मजल्यावर झाली, जमिनीत युरेनियम किती, हेही हिशेबात धरलं. थोड्या अनुभवाला पुसून टाकायचं नाही आणि त्याच्या आधारे सगळ्या जगाबद्दल निवाडाही द्यायचा नाही. हा विवेक आकडेमोडीत उतरवता येतो, हे समजलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माणसांबद्दल मतं बनवताना आपण इतकी सबुरी क्वचितच दाखवतो.

एवढं करूनही हे भाकीत एका ठिकाणी थांबतं, आणि ते तिथं थांबतं म्हणूनच मला विश्वासाचं वाटतं. काउंटीची सरासरी नेमकी कळली तरी तिच्यातल्या घराघरांमधला फरक उरतोच. पाया कसा घातला, भेग कुठे पडली, हवा कशी खेळते, हे दुरून कळत नाही. जे त्या घरात झोपतात त्यांच्यासाठी सरासरी पुरेशी नाही. त्यांच्या घराचा आकडा त्यांच्याच घरात मोजावा लागतो.

आपली किती मुलं-नातवंडं आज मिनेसोटात, पेनसिल्व्हेनियात, न्यू जर्सीत आहेत. इथून आईवडील सहा महिन्यांसाठी गेले की पुष्कळदा त्यांची झोपायची खोली बेसमेंटमध्ये असते. घर घेताना झालेली मोजणी काही दिवसांची असते, आणि ऋतू बदलला की आकडाही बदलतो. तीन महिने ते वर्षभर ठेवायची मोजणीची छोटी डबी जास्त भरवशाची. आकडा मोठा निघाला तरी घाबरायचं कारण नाही. फरशीखालून नळी आणि पंखा लावून तो वायू छपरावर सोडता येतो, अशी हजारो घरं दुरुस्त झाली आहेत. पुढच्या फोनवर लेकाला किंवा लेकीला विचारा: घरात रेडॉन मोजलाय का, कोणत्या मजल्यावर, आणि कोणत्या महिन्यात?